नाण्याएवढी बॅटरी, दोन तासांची मुदत

तळवली गावठाणातल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत ‘सीआर २०३२’ हे आकडे शोधायला गेले, तर तीन-चार ठिकाणी सहज सापडतील. रंगीत दिव्यांच्या माळेच्या पातळ रिमोटमध्ये, गाडीच्या किल्लीत, वजनकाट्यात आणि गेल्या दिवाळीत आणलेल्या, लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या पणतीत. यातला २० म्हणजे बॅटरीचा व्यास, २० मिलिमीटर. ३२ म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. साधारण रुपयाच्या नाण्याएवढी ही चकती. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकून बसायला हा आकार अगदी पुरेसा आहे.

मुलाने नाणे गिळले आणि दुसऱ्या दिवशी ते शीवाटे पडले, असे किस्से घरोघरी असतात. त्या अनुभवावर विसंबून बटण बॅटरीच्या बाबतीतही ‘थांबून पाहू’ असे म्हटले जाते. हा विसंबा जिवावर बेततो. बॅटरी अन्ननलिकेत अडकली की तिच्या दोन बाजूंना चिकटलेल्या ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते. ऋण बाजूपाशी हायड्रॉक्साइड तयार होते, म्हणजे तुंबलेला पाइप मोकळा करायला वापरतात त्या कॉस्टिक सोड्याच्या जातीचा दाहक पदार्थ. त्यासाठी बॅटरी फुटावी किंवा गळावी लागत नाही. दोन तासांत अस्तर खोलवर भाजून निघू शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडणे, ती श्वासनलिकेला जोडली जाणे, आवाजाच्या नसा निकामी होणे, क्वचित शेजारच्या महारोहिणीपर्यंत जखम जाणे, इथपर्यंत मजल जाते. रिमोट चालेना म्हणून काढून टाकलेल्या ‘संपलेल्या’ बॅटरीतही हे घडवण्याइतकी वीज शिल्लक असते.

खरी अडचण अशी, की ही दोन तासांची मुदत बहुतेक वेळा कोणाच्या लक्षात येण्याआधीच सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या नोंदींवर आधारित, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गंभीर इजा झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांना बॅटरी गिळताना कोणी पाहिलेच नव्हते. मृत्यू झालेल्या मुलांत तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होते. लक्षणेही फसवी असतात. लाळ गळते, मूल घास नाकारते, उलटी करते, खोकते, छातीत घरघर होते. पावसाळ्यात कोणत्याही दवाखान्यात अशी मुले रांगेने बसलेली असतात. म्हणूनच धडधाकट मुलाला अचानक लाळ गळू लागली, गिळता येईना, तर गळ्यापासून पोटापर्यंतचा एक्स-रे काढायला डॉक्टरांनी कचरू नये. त्यात गोल सावलीच्या कडेला दुसरे वलय दिसले, तर ते नाणे नव्हे, बॅटरी आहे असेच धरून चालावे.

संशय आला की पालकांनी मुलाला उलटी करायला लावू नये, घशात बोट घालू नये, केळे किंवा भात भरवून ‘खाली ढकलण्याचा’ प्रयत्न करू नये. थेट रुग्णालय गाठावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जखमेचा वेग थोडा मंदावतो, एवढेच. मध आणायला दुकान शोधत बसू नये. वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये. बॅटरी नाकात किंवा कानात घातली असेल, तर तीही तितकीच तातडीची बाब आहे. थेंब टाकू नयेत.

तळवलीहून ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, यांतले कोणतेही काही फार दूर नाही. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरची संध्याकाळ सर्वांना ठाऊक आहे, आणि लहान मुलाच्या घशात दुर्बीण घालून बॅटरी काढणारा डॉक्टर व भूलतज्ज्ञ त्या घटकेला कुठे हजर आहेत, हा प्रश्न अंतराहून मोठा असतो. ती माहिती १०८ च्या रुग्णवाहिकेकडे आणि गल्लीतल्या प्रत्येक दवाखान्याकडे तयार हवी. एका ठिकाणी एक्स-रे, दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठी आणि तिसऱ्या ठिकाणी दुर्बीण, या फेऱ्यातच मुदत संपून जाते.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र एक स्क्रू आहे. वरच्याच अभ्यासात सहा वर्षांखालच्या मुलांनी गिळलेल्या बॅटऱ्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास थेट वस्तूतून काढलेल्या होत्या. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्या मानकांनुसार बटण बॅटरीचा कप्पा अवजाराशिवाय उघडता कामा नये. पण हा आदेश खेळण्यांपुरता आहे. रिमोट, वजनकाटा, पणती ही कागदोपत्री खेळणी नव्हेत. रांगत्या मुलाला हा फरक कोण सांगणार? ऑस्ट्रेलियाने २२ जून २०२२ पासून बटण बॅटरी असलेल्या घरगुती वस्तूंनाही बंद कप्पा सक्तीचा केला. टेक्सासमधील दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर अमेरिकेनेही त्याच वर्षी तसा कायदा केला. भारतीय मानक ब्युरोने आपल्याकडची सक्ती रिमोट आणि पणत्यांपर्यंत न्यायला हवी.

तोवर काम घरातच करावे लागेल. ज्या वस्तूचा कप्पा नखाने उघडतो, तो रुंद चिकटपट्टीने गुंडाळावा किंवा ती वस्तू मुलाच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. राखीपौर्णिमेची दिव्यांची राखी आणि जत्रेतली बिनचिन्हाची खेळणी दोन दिवसांत मोडतात. तेव्हा त्यातली बॅटरी जागेवर आहे का, हे पाहावे. काढलेल्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती लगेच घराबाहेर जाऊ द्यावी, टीव्हीवर ठेवून देऊ नये.

आणि ज्या मुलाची बॅटरी काढून झाली आहे, त्याच्या घरच्यांनी पुढचे काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहावे. भाजलेली जखम बॅटरी निघाल्यावरही खोल जात राहते. उलटीत थोडेसेही रक्त दिसले किंवा शी काळी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.