रंग भरणारे हात

अँटॉप हिलला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग भरतो. मध्यंतरी एक ताई मुलीला वर्गातून न्यायला आल्या. म्हणाल्या, "भाऊ, चित्रं काढून पोट भरतं का? पुढच्या वर्षी दहावी आहे तिची." त्या माऊलीचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना जे सांगितले, तेच आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आपली मुले टीव्हीवर रंगीत कार्टून पाहतात. ही कला मूकपटाच्या काळातली. आपल्याकडे तिचे बी रुजले ते इथून जवळच, दादरला. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि दिवसामागून दिवस चित्रे टिपली. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढली. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. यात जादू नाही, चिकाटी आहे.

हे सारे काळेपांढरे. परदेशात रंग आला, तोही आधी हातानेच. पॅरिसला एलिझाबेथ थ्युलिए यांच्या कारखान्यात दोनशेहून अधिक बायका फिल्म रंगवीत. टपालाच्या तिकिटाएवढे एकेक चित्र! एकीने एकच रंग भरायचा, मग फिल्म दुसरीकडे. अमेरिकेत विन्सर मॅके यांनी सुमारे चार हजार चित्रे काढून १९११ साली 'लिटल निमो' केला. त्यालाही हातानेच रंग दिले. रंगीत फिल्मवर कार्टून उतरले ते १९२० साली, जे. आर. ब्रे यांच्या कंपनीचे 'थॉमस कॅट'.

फाळके, मॅके यांची नावे राहिली. पॅरिसच्या त्या बायकांची नावे पडद्यावर आली नाहीत. आपल्या परळ-लालबागच्या गिरण्यांत कापड विणणाऱ्याचे नाव कापडावर कधी होते काय? बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले. हात आपले, तर नावही आपले राहावे, हा त्याचाच एक अर्थ आम्ही घेतो.

म्हणून ताईंना म्हणालो, "अभ्यास होऊ द्या, पण वर्ग तोडू नका. शासनाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली तर दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. फाळकेही तिथेच शिकले."

ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मुलगी वर्गाला आली. आम्ही तिला एवढेच सांगितले, "चित्राखाली आधी स्वतःचे पूर्ण नाव लिही."

जय भीम!