मँगनीज, माकडे आणि खाणकामगाराची स्मृती

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटरीत वापरले जाते. हा धातू मेंदूवर काय करतो याचे प्राण्यांवरील प्रयोग कोणी पुढे केले, की एक ठरलेले उत्तर मिळते: उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि पिढ्यान् पिढ्या लोक खाणीत राबताहेत, कोणाचे काय बिघडले? यातला पहिला भाग खरा आहे, बोलणाऱ्याला वाटतो त्याहून अधिक खरा. उंदराच्या मेंदूत मँगनीज बरेचसे सर्वत्र पसरते. माणसात आणि माकडात ते मुख्यतः मेंदूच्या आत खोलवर असलेल्या ग्लोबस पॅलिडस या भागात साचते. मँगनीजबाधित माणसाची ताठर, अडखळती चाल उंदरात नीट उमटत नाही ती यामुळेच. मात्र यावरून प्राणिप्रयोग निरुपयोगी ठरत नाहीत. कोणत्या प्राण्याकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागायचे, एवढेच ठरते.

ते उत्तर माकडांनी दिले आहे. अमेरिकेत श्नायडर आणि गिलार्टे यांच्या गटांनी मकाक माकडांना दीर्घकाळ मँगनीज दिले, तेव्हा नुकतीच पाहिलेली जागा थोडा वेळ लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता घटली, आणि हालचालीतला बिघाड त्या वेळी किरकोळच होता. डोपामिन बनवणारे तंतू जवळपास शाबूत होते. त्यांतून डोपामिन बाहेर पडण्याचे प्रमाण मात्र घटले होते. कोठार भरलेले आणि दार अडकलेले, अशी ही अवस्था. पार्किन्सनच्या रुग्णाला आराम देणारे लेव्होडोपा मँगनीजबाधिताला सहसा फारसे का लागू पडत नाही, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो: माल वाढवून अडकलेले दार उघडत नाही. उंदीरही इथे कामाला येतात. तान्हेपणी मँगनीज पाजलेल्या उंदरांच्या पंजांची बिघडलेली बारीक हालचाल मोठेपणी मेथिलफेनिडेट दिल्यावर सुधारली. हे औषध डोपामिनचा परिणाम वाढवते. चालीचा आजार उंदीर दाखवत नसला, तरी बिघाड कोणत्या रसायनात आहे हे तो दाखवतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मात्रेचा आणि रूपाचा आहे. माकडांना विद्राव्य क्षार शिरेतून दिला. खाणीतली धूळ अविद्राव्य, नि ती नाकावाटे जाते. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर १८३७ सालीच नोंदले गेले. ग्लासगोत ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीजचे काळे ऑक्साइड दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडल्याचे जॉन कूपर यांनी तेव्हा लिहिले. ते ऑक्साइड म्हणजे डायऑक्साइडच. शिवाय अन्नातले जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातल्या कणांना ही चाळणी आधी लागत नाही.

उलट बाजूचा उतावीळपणाही तितकाच घातक. ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंट या मँगनीजच्या बेटावरील मूळ रहिवाशांचा चालीचा आजार एकेकाळी धातूच्या माथी मारला गेला. पुढे तो माचाडो-जोसेफ हा आनुवंशिक रोग निघाला. म्हणून तुमसरचा प्रत्येक विसराळू खाणकामगार मँगनीजबाधित, असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची आंधळी चूक होईल. आणि ‘कोणाचे काय बिघडले’ या प्रश्नाचे उत्तर न तपासता देता येत नाही, ना होकारार्थी, ना नकारार्थी.

खाणकामाशी निगडित अधिसूचित रोगांत ‘मज्जासंस्थेची मँगनीज विषबाधा’ आहे, आणि खाणकामगाराची नियतकालिक वैद्यकीय तपासणीही ठरलेली आहे. मँगनीजच्या संदर्भात वाचादोष, कंप, तोल जाणे, भावनिक बदल यांकडे विशेष लक्ष द्यावे अशी शिफारसही आहे. पण यातली बरीचशी लक्षणे उशिरा दिसणारी. माकडांचा पुरावा मान्य असेल, तर जागा आणि क्रम लक्षात ठेवण्याची दहा मिनिटांची चाचणी कामावर रुजू होतानाच घ्यावी, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत त्याच कामगाराच्या पहिल्या निकालाशी ताडून पाहावी.