कृष्णा : नदीचे नाव, लेकीचे नाव

बंगळूरच्या के. आर. पुरममधून एका भगिनीने विचारले आहे. बारसे तोंडावर आले आहे. माहेर वाईचे, म्हणून लेकीचे नाव 'कृष्णा' ठेवावे अशी तिची इच्छा आहे. सासूबाई म्हणतात, "पोर आधीच सावळी, त्यात नावही 'काळी' कशाला?" शेजारी म्हणतात, "हे तर मुलाचे नाव!"

आधी शेजाऱ्यांची शंका पाहू. संस्कृतात 'कृष्ण' पुल्लिंगी, तर 'कृष्णा' स्त्रीलिंगी. पण बंगळूरकडे मुलालाही 'कृष्णा' अशीच हाक मारतात आणि इंग्रजीत दोन्ही नावे सारखीच लिहिली जातात. शाळेत घोटाळा व्हायचाच! त्यावर एक सोपा उपाय आहे : कृष्णवेणी. हे कृष्णा नदीचेच जुने नाव. दक्षिणेत ऐकताक्षणी ते मुलीचे म्हणून ओळखले जाते. कागदावर कृष्णवेणी, घरात कृष्णा.

आता सासूबाईंचे म्हणणे. कृष्णा म्हणजे सावळी, हे खरेच. पण हे नाव द्रौपदीचे आहे. तिच्या सावळ्या रंगावरूनच ते पडले आणि त्याच सावळ्या द्रौपदीच्या रूपाची महाभारताने तोंडभरून स्तुती केली. हेच नाव महाबळेश्वरी उगम पावून, वाई, सांगली, नरसोबाची वाडी करत कर्नाटकात शिरणाऱ्या नदीचे. सुमारे १,४०० किलोमीटर वाहून ती आंध्रात समुद्राला मिळते. म्हणजे हे नाव माहेरचे तसेच कर्नाटकाचेही!

आपल्या आजी-पणजीच्या पिढीत गंगा, गोदावरी, कृष्णा घरोघरी असत. पुढे ही नावे जुनाट वाटू लागली आणि मागे पडली. पण जुने नाव नव्या वर्गात एकटेच असते, हाही फायदाच.

घाई मात्र नको. जन्माची नोंद नावाशिवायही होते. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरावे लागते.

नाव बदलले म्हणून रंग बदलणार नाही. पण रंगाची कुजबुज पाळण्याभोवती सुरू झाली, तर ती लेकीला जन्मभर पुरते. म्हणून सासूबाईंनाच विनंती करा, "आई, मोठी झाल्यावर नावाचा अर्थ तिला तुम्हीच सांगा." आजीच्या तोंडून द्रौपदीची गोष्ट ऐकलेली मुलगी आरशासमोर कधी खट्टू होणार नाही.