ईसीएचएसची औषधे आणि विमा निवडीचा सल्ला शिरोड्यात मिळावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
मार्फत : मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी

विषय : माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी शिरोड्यात मासिक आरोग्यसेवा व विमाविषयक लेखी मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

सैन्यातला जवान बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होऊन घरी येतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. ईसीएचएसवर, म्हणजे माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेवर, विसंबावे की खासगी फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्रित आरोग्यविमा) ही घ्यावा, हे त्याला तेव्हाच ठरवावे लागते. आमच्या मते ईसीएचएसच्या तोडीची दुसरी योजना नाही. मात्र गोळ्या आणि रेफरल गावाजवळ मिळत नाहीत तोवर ती निवडूनही पदरात पुरती पडत नाही.

१ एप्रिल २००३ पासून चालू असलेल्या या योजनेत हवालदारापर्यंतच्या जवानाने ३०,००० रुपये एकदाच भरले की पती-पत्नीला आयुष्यभर उपचार मिळतात. जुना आजार आड येत नाही. उत्पन्नमर्यादेत बसणारे अवलंबित आईवडीलही त्यात येतात. खासगी पॉलिसीचा हप्ता दरवर्षी भरावा लागतो आणि वयाबरोबर चढतो. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, त्याने हप्ता थोडा हलका झाला, पण प्रतीक्षा तशीच राहिली. शिवाय रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाचे इन्सुलिन हा खर्च बहुतेक पॉलिसी देतच नाहीत, आणि म्हातारपणी घराला महिन्यामागून महिना पोखरणारा खर्च नेमका तोच असतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना आता आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे, मग अडचण कसली, असे कोणी विचारील. पण ईसीएचएसच्या सभासदाला या दोहोंतली एकच योजना घेता येते. आयुष्मान रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजच्या गोळ्यांची सोय तीत नाही. हे न कळता एखाद्या वृद्ध वीरपत्नीने कार्ड बदलले, तर तिची महिन्याची औषधे बंद होतील. म्हणून लेखी मार्गदर्शन आम्हाला तातडीचे वाटते. ईसीएचएस हा संरक्षण मंत्रालयाचा विषय आहे, हेही आम्ही जाणतो. तरी जागा उपलब्ध करून देणे आणि शिफारस पाठवणे जिल्हा प्रशासनाच्या हातात आहे.

तेव्हा शिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक ठरावीक दिवस ईसीएचएसच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी खोली मिळावी आणि रेडी, आरोंदा, आजगाव, आरवली येथील वृद्धांना तिथेच तपासणी, महिन्याची औषधे व रेफरल मिळावे, अशी शिफारस आपण करावी. आमच्या भागातले गंभीर रुग्ण गोव्याकडे जातात. म्हणून गोव्यातील संलग्न रुग्णालयांची अद्ययावत मराठी यादी ग्रामपंचायतीत लावावी. संलग्न नसलेल्या रुग्णालयात तातडीने दाखल व्हावे लागल्यास ४८ तासांत कळवावे लागते आणि परतावा सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) दरानेच मिळतो, वरचा फरक कुटुंबावर पडतो, हे त्या यादीखाली ठळक छापावे. निवृत्तीनंतर नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक जवानाला सैनिक कल्याण कार्यालयाने ईसीएचएस, आयुष्मान भारत व खासगी विमा यांची तुलना करणारे एक पान द्यावे. खासगी विमा घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. संलग्न रुग्णालय लांब असलेल्या घराला तो जोडीला लागेलही. तो किती रकमेचा घ्यावा, हे त्या पानावरून ठरवता आले पाहिजे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शिरोडा पंचक्रोशीतील माजी सैनिक व वीरपत्नी