काउंटर-स्ट्राइक, वीस वर्षं उशिरा

नवीन गेमबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज ज्या गेमबद्दल लिहिणार आहे तो सप्टेंबर २००३ मध्ये आला, तेव्हा मी लोह्यात पहिलीच्या वर्गात बाराखडी गिरवत होतो. काउंटर-स्ट्राइक १.६. माझ्या वयाच्या बहुतेकांनी याचं नाव थोरल्या भावंडांच्या तोंडून ऐकलेलं असतं, 'आमच्या वेळी' ने सुरू होणाऱ्या वाक्यात. मलाही तेवढंच माहीत होतं. मागच्या दिवाळीपासून मात्र दर शनिवारी रात्री खेळतोय, त्यामुळे आता यावर बोलायचा थोडाफार अधिकार आलाय असं वाटतं. (दादाच्या मते नाही आला. असो.)

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. २००३ ते २००७ नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियरिंग केलं, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर त्यातली निम्मी डिग्री वर्कशॉप कॉर्नरजवळच्या एका कॅफेत मिळवली. तासाला वीस रुपये, लाईट गेली की यूपीएसची टिटी, आणि मग सगळ्यांनी मिळून लोडशेडिंगला घातलेल्या शिव्या. आता तो लोह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याचे तेव्हाचे मित्र पांगले: एक दुबईत, एक न्यू जर्सीत, दोघं हैदराबादला, दोघं पुण्यात, एक नांदेडात बँकेत, एक सिडकोत क्लास घेतात. पण ग्रुप टिकलाय. शनिवारी रात्री अकराला (न्यू जर्सीवाल्यांची ती दुपार) सगळे एका सर्व्हरवर येतात. एकूण नऊ जण. पाच विरुद्ध पाचला दहावा लागतो. दहावा म्हणजे मी.

आता पहिलं इंप्रेशन. पहिल्या रात्री मी सरासरी आठ-दहा सेकंद जगलो. हे काही नवीन नाही, कुठल्याही नव्या गेममध्ये माणूस आधी मरायलाच शिकतो. नवीन होतं ते मेल्यानंतरचं. मी पबजीच्या पिढीतला. मेलो की लॉबीत जायचं, पुढची मॅच लावायची, मागे उरलेल्यांचं काय झालं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. इथे मेलं की राउंड संपेपर्यंत बसून बघायचं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. जिवंत माणसाच्या डोळ्यांतून. मला वाटलं, काय हा छळ! २०२५ साली कोण कुणाला असं बसवून ठेवतं?

पण दोन-तीन शनिवारांनी लक्षात आलं की मी जे काही शिकलोय ते मेलेल्या अवस्थेत शिकलोय. बँकवाले कोपऱ्यावर येताना बंदूक बाजूला ठेवून चाकू हातात घेतात, कारण चाकू हातात असताना माणूस जास्त वेगाने पळतो. कोपरा जवळ आला की पळणं थांबवून चालायला लागतात, कारण चालण्याचा आवाज समोरच्याला येत नाही. गोळी मारायच्या आधी क्षणभर पूर्ण थांबतात. हे मला कुणी सांगितलं नाही. मी त्यांच्या स्क्रीनमधून पाहिलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माळेगावच्या यात्रेत कुस्ती हरलेला पोरगा कपडे घालून घरी जात नाही, आखाड्याच्या कडेला बसून पुढच्या कुस्त्या बघतो. तसंच हे.

आणि शेवटी आपला एकच गडी उरलेला असतो, समोर तिघं, बॉम्ब लावलेला, पंचेचाळीस सेकंदांचं घड्याळ टिकटिकतंय. किट असेल तर निकामी करायला पाच सेकंद, नसेल तर दहा. चार मेलेली माणसं श्वास रोखून एका जिवंत माणसाकडे बघत असतात. शंभर जणांच्या बेटावर मला हे कधी मिळालं नाही.

इथे भाषेचा एक पेच सांगतो. ही सगळी माणसं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतो. पण 'मागं बघा' मधला तो आदरार्थी काना उच्चारेपर्यंत समोरचा गेलेला असतो. दुसऱ्याच शनिवारी दुबईवाले ओरडले, "अरे काय करलालास बे, 'मागं' एवढं म्हण नं, पुढचं कळतंय!" तेव्हापासून राउंडच्या आत अर्धी वाक्यं, राउंड संपला की पुन्हा तुम्ही.

दुसरी गोष्ट पैशाची. मॅच सुरू होताना प्रत्येकाला ८०० डॉलर. एके-४७ पडते २,५००ला (गेममध्ये तिचं खरं नाव नाही, यादीत 'सीव्ही-४७' लिहिलंय), एम४ ३,१००ला, आणि ती एका गोळीत काम तमाम करणारी एडब्ल्यूपी ४,७५०ला. मारलं, जिंकलं, बॉम्ब लावला की पैसे वाढतात, हरलात तरी थोडे मिळतात. त्यामुळे कधीकधी पूर्ण टीम ठरवते की या राउंडला काहीच घ्यायचं नाही, पिस्तुलावर मरायचं, म्हणजे पुढच्या राउंडला सगळ्यांकडे बंदुका येतील. एकट्यानेच घेतली तर त्याला दादा अशा सुरात झापतो की पेरणीच्या तोंडावर उधारी मागायला आलेल्यालाही झापत नसेल.

मला यात आवडतं ते असं की दुसरी मॅच सुरू झाली की पुन्हा ८००. मागचं काहीच पुढे येत नाही. लेव्हल नाही, सोनेरी बंदूक नाही, पैसे देऊन घेतलेले कपडे नाहीत. न्यू जर्सीवाल्यांचं ग्राफिक्स कार्ड माझ्या पूर्ण लॅपटॉपपेक्षा महाग आहे, पण बटण दाबलं की त्यांच्याकडेही ८००च. वीस वर्षांत साठलंय ते फक्त बोटांत. बी-४-२ दाबून एके विकत घ्यायला दादाला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये हाच माणूस एक-एक अक्षर शोधून टाइप करतो :)

मॅपबद्दल थोडक्यात. आम्ही दहापैकी आठ वेळा 'डस्ट २' खेळतो. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या माणसाने २००१ मध्ये बनवलेला. रंग म्हणाल तर एप्रिलमधल्या आमच्या रानासारखा, सगळा पिवळट. पण रचना बघा: बॉम्बच्या दोन जागा, तिथे जायच्या मोजक्या वाटा, आणि प्रत्येक वाटेवर एक अशी जागा जिथे थोडी माणसं पुष्कळांना अडवू शकतात. लहानपणी कंधारच्या भुईकोटात सहल गेली होती तेव्हा खंदक का, दरवाजा तिथेच का, हे प्रश्नसुद्धा मला पडले नव्हते. आता पुन्हा जायचंय.

आता माझा आवडता भाग. (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण सोडू नका.) या गेममध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मी भिंतीआड गेलो होतो!" मीही रोज म्हणतो. आणि खरंच गेलेला असतो, निदान माझ्या स्क्रीनवर. सर्व्हर लोह्यात, दादाच्या दुकानात. न्यू जर्सीवाल्यांचा पिंग २४०च्या आसपास, म्हणजे निरोप जाऊन येईपर्यंत जवळपास पाव सेकंद. त्यांना दिसतो तो मी थोडा जुना मी. मग त्यांनी मारलेली गोळी लागली की नाही?

हाफ-लाइफच्या इंजिनात, म्हणजेच ज्यावर हा गेम चालतो त्यात, याचं उत्तर व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी शोधलं आणि २००१च्या एका पेपरमध्ये लिहून ठेवलं. सर्व्हर सगळ्यांच्या गेल्या काही क्षणांतल्या जागा लक्षात ठेवतो. गोळी सुटल्याचा निरोप आला की तो तेवढा काळ मागे जातो, मारणाऱ्याला समोरचा जिथे दिसत होता तिथे त्याला पुन्हा उभा करतो, आणि मग निकाल देतो. निकाल मारणाऱ्याच्या बाजूने, कारण त्याने नीट नेम धरला होता. एके घेऊन माणूस सेकंदाला २२१ युनिट पळतो. ०.२४ सेकंदात होतात ५३. खेळाडूची रुंदी ३२. म्हणजे मी पूर्ण भिंतीआड जाऊन वर पुन्हा अर्ध्या देहाहून जास्त आत असतानाही मरू शकतो, आणि हा बग नाही. फार विचार करून केलेला हा अन्याय आहे. मी रोज डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमवर काम करतो आणि 'खरं काय घडलं' याचं एकच उत्तर नसतं हे मीटिंगमध्ये लोकांना समजावून थकतो. इथे बँकेत काम करणाऱ्या माणसाला ते वीस वर्षांपासून पाठ आहे.

सगळं गोड नाही, तेही लिहिलं पाहिजे. नवख्या माणसासाठी हा गेम निर्दयी आहे, काहीही समजावून सांगत नाही. तोंडं घाण आहेत. आणि दहा जणांत एकही बाई नाही. दादाची सख्खी बहीण, आमची ताई, त्याच वर्षांत नांदेडला शिकत होती. कॅफेत गेली ती परीक्षेचे फॉर्म भरायला आणि निकाल बघायला, तेही बाबांबरोबर. दादाचे मित्र 'आमच्या वेळी सगळे एकत्र असायचो' म्हणतात तेव्हा ती नुसती बघते. मी तिला अकरावी म्हणून विचारलं. म्हणाली, आता पोरांची शाळा कोण बघेल.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की ग्रुपमध्ये सध्या वाद चालू आहे. हैदराबादच्या दोघांचं म्हणणं, आता पुरे झालं, काउंटर-स्ट्राइक २ वर जाऊ. फुकट आहे, दिसायला सुंदर आहे, धूर खरा वाटतो, आणि दहावा माणूस शोधत बसावं लागत नाही. येत्या शनिवारी मत घेणार आहेत.

माझं मत विरोधात आहे. सगळ्यात उशिरा आलेला मीच, आणि जुन्याला चिकटून बसलेलाही मीच, यावर सगळे हसले. पण माझ्याकडे जुन्या आठवणी नाहीतच, त्यामुळे त्यांच्यावर कढ काढण्याचा आरोप माझ्यावर होऊ शकत नाही.

माझा अनुभव असा. कॉलेज संपल्यावर आम्हा सहा मित्रांना बांधून ठेवणारी गोष्ट पबजी होती. २ सप्टेंबर २०२० ला ११८ अ‍ॅपवर बंदी आली, त्यात तेही गेलं. जुलै २०२१ मध्ये नाव बदलून परत आलं, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण तिसऱ्यांदा आलं तोवर आमचे सहा जण जमेनासे झाले होते. भांडण वगैरे काही नाही. रोज संध्याकाळी बसायचा कट्टा दोनदा कुणीतरी उचलून नेला, एवढंच.

२००४ मध्ये व्हॉल्व्हने 'वॉन' नावाची जुनी व्यवस्था बंद करून सगळ्यांना स्टीमवर ढकललं, तेव्हा काही खेळाडूंनी तिच्या जागी स्वतःची व्यवस्था उभी केली. ते जमलं, कारण सर्व्हर चालवायचा प्रोग्रॅम लोकांच्या हातात होता. आमचाही आहे. दादाच्या दुकानात २ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर पोर्ट २७०१५ उघडा, खाली खताची पोती, वर इन्व्हर्टर. कंपनीने उद्या काहीही ठरवलं तरी एक स्विच आणि दहा केबल घेऊन आम्ही लोह्यात इंटरनेटशिवायही खेळू शकतो. नव्या गेममध्येही स्वतःचा सर्व्हर टाकता येतो, हे मान्य. पण तो त्या पेटाऱ्यावर चालणार नाही. शिवाय अपडेट आलं की आपल्याला विचारल्याशिवाय गेम बदलतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सीएस:गोचं तेच झालं, जुन्याच्या जागीच नवीन येऊन बसला. आणि सिडकोवाल्यांचा लॅपटॉप तो उघडणारच नाही, म्हणजे दहाचे पहिल्याच दिवशी नऊ.

हैदराबादवाल्यांचा शेवटचा मुद्दा चीटिंगचा, की नव्यात बंदोबस्त चांगला आहे. बंदोबस्त अनोळखी लोकांसाठी लागतो. (२०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चीट सापडलं, त्या फाईलचं नाव होतं 'वर्ड डॉट ईएक्सई'. बंदोबस्त तिथेही होताच.) आमच्यात कुणी चीटिंग केलीच तर त्याच्या बायकोला फोन जाईल.

आकडा सध्या असा आहे: जायचं म्हणणारे चार, राहायचं म्हणणारे चार, न्यू जर्सीवाले म्हणतात तुमचं काय ते ठरवा, मला दुपारी जेवू द्या. दादा अजून काही बोललेला नाही. काल सर्व्हरचं पूर्ण फोल्डर मी पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेतलं. त्याने बघितलं, आणि कपाटातून दुसरा पेन ड्राइव्ह काढून दिला, "यावर पण एक घे."