आधी बधिर, मग बाई?

बधिर समाजातल्या बायकांचे काही वेगळे म्हणणे आहे, असे कोणी बोलू लागले की एक उत्तर तयार असते: ‘आपण आधी बधिर, मग स्त्री आणि पुरुष.’ हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही, म्हणून आधी तेच नीट मांडू. बहुतेक बधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. जेवणाच्या पंगतीत सगळे बोलतात, हसतात, आणि या मुलाने ‘काय झालं?’ अशी खूण केली की त्याला ‘मग सांगते’ म्हणून गप्प बसवतात. त्याला भाषा मिळते ती शाळेच्या वसतिगृहात आणि मोठेपणी बधिरांच्या मंडळात. म्हणजे समाज हेच त्याचे घर. बाहेर शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दुभाष्यासाठी भांडायचे आहे आणि माणसे मोजकी आहेत. अशा वेळी घरातच बाईची बाजू आणि पुरुषाची बाजू काढली तर बळ उरेल कसे? शिवाय असेही सांगतात, की आमच्यात जे थोडेबहुत भेद दिसतात ते ऐकणाऱ्यांकडून आलेले. आमच्या भाषेत ते मुळात नाहीत.

यातला पहिला भाग मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद आपल्याकडे इतका चिघळला की १८९५ साली पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू दिली गेली नाही. सबब हीच, एकी मोडेल. ‘आधी’ म्हणणाऱ्याला ‘मग’ची तारीख विचारून ठेवावी, एवढे त्या वादाने आपल्याला शिकवायला हरकत नव्हती.

अमेरिकेतल्या बधिरांच्या बाबतीत ती तारीख सापडते. त्यांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ, १८८० मध्ये स्थापन झाली. तिच्यात स्त्री सभासदांना मताचा हक्क मिळाला १९६४ मध्ये. देशाच्या घटनेने अमेरिकन स्त्रियांना तो १९२० मध्येच दिला होता. म्हणजे मधली चव्वेचाळीस वर्षे एखादी बधिर बाई देशाच्या अध्यक्षासाठी मत देऊ शकत होती, पण स्वतःच्या संघटनेच्या अध्यक्षासाठी नाही. कृष्णवर्णीय बधिरांना तर १९२५ पासून सभासदत्वच बंद होते. ते दार उघडले १९६५ मध्ये. हे नियम ऐकणाऱ्यांनी लादलेले नव्हते. संघटना बधिरांची, ठराव बधिरांचे आणि हात वर करणारेही बधिरच.

अगाथा टीगल या बाईचे उदाहरण घ्या. लहानपणीच्या आजारात तिचे ऐकणे गेले आणि एक डोळाही गेला. वॉशिंग्टनच्या बधिरांसाठीच्या ज्या कॉलेजात, म्हणजे आजच्या गॅलॉडेट विद्यापीठात, ती शिकली, त्याला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ चा. मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला १८८७ पासून. १८९३ मध्ये पदवी घेताना तिने भाषण केले ते स्त्रीच्या बुद्धीवर. बाईची बुद्धी कमी दिसत असेल तर तो परिस्थितीचा दोष आहे, निसर्गाचा नव्हे, असा त्याचा रोख होता. आपल्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ची. या दोघींना एकमेकींचा पत्ता असण्याचे काहीच कारण नाही, तरी चिडीचे कारण सारखेच. पुढे टीगलने ओलोफ हॅन्सन या बधिर वास्तुशिल्पज्ञाशी लग्न केले. १९१० ते १९१३ या काळात तो त्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष होता आणि बायकोला त्याच संघटनेत मत नव्हते. ती १९५९ मध्ये वारली, तोवरही नव्हते.

आता ‘वेगळे काढल्याने एकी मोडते’ या म्हणण्याकडे वळू. कॉलेजातल्या मुलग्यांच्या वादसभांत मुलींना जागा नव्हती, म्हणून टीगलने १८९२ मध्ये मुलींची स्वतंत्र मंडळी काढली. तिथे मुली वाद घालायला शिकल्या, कारभार करायला शिकल्या. ती संस्था नाव बदलून आजही चालू आहे, आणि तिच्यामुळे बधिर समाज फुटल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. फूट पाडायचीच असती तर वादसभेचे दार बंद ठेवणाऱ्यांनी ती आधीच पाडली होती.

भाषेत भेद नाहीत, या दाव्याला डब्लिनने उत्तर दिले आहे. त्या शहराच्या काब्रा या उपनगरात डॉमिनिकन जोगिणींनी १८४६ मध्ये बधिर मुलींची शाळा काढली. त्याआधी त्या फ्रान्समधल्या कां या गावी जाऊन खुणांनी शिकवण्याची पद्धत शिकून आल्या होत्या. मुलग्यांची शाळा १८५७ ची, ख्रिश्चन ब्रदर्सची, त्याच काब्रात. अंतर फार नव्हते, पण मुलामुलींची गाठ पडू नये याची काळजी दोन्हीकडे घेतली जाई. परिणाम असा झाला की एकाच शहरात, एकाच धर्माच्या, एकाच वयाच्या मुलांच्या रोजच्या शब्दांसाठी दोन वेगळ्या खुणा रुळल्या, एक मुलींची आणि एक मुलग्यांची. काही जोड्यांत थोडेफार साम्य होते, काहींत अजिबात नाही. बार्बरा लमास्टर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी विसाव्या शतकाच्या शेवटी या खुणा जाणणाऱ्या वृद्धांकडून त्या नोंदवून घेतल्या.

इथे पूर्वपक्षवाला म्हणेल, पाहा, हा भेद जोगिणींनी आणि ब्रदरांनी घातला, बधिरांनी नव्हे. हे अगदी खरे. पण शाळा सुटल्यावर काय झाले ते पाहावे. मुलगे आणि मुली भेटू लागले, लग्ने झाली, संसार झाले. दोन शब्दसंग्रह समोरासमोर आले तेव्हा मिश्र बैठकीत चालू लागले ते पुरुषांचे. बायका नवऱ्याच्या खुणा शिकल्या आणि आपल्या खुणा बायकाबायकांत वापरू लागल्या. पुरुषांचे बोलणे बायकांना कळे. बायकांच्या खुणा फार थोड्या पुरुषांना येत. हे ठरवायला तिथे ना जोगीण होती ना ब्रदर.

याला बायकांचा समजूतदारपणा म्हणून शाबासकी देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. सासरी गेलेली मुलगी तिकडची बोली उचलते, त्याचेही आपण कौतुकच करतो. पण ज्याची नोकरी, ज्याचा क्लब, ज्याच्या हाती सभा, त्याच्या खुणा ‘सर्वांच्या’ ठरतात, आणि दुसऱ्या बाजूला जुळवून घ्यावे लागते. यात स्वभावाचा भाग किती आणि निरुपायाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी निरुपाय जास्त दिसतो.

माझा खरा मुद्दा इथेच आहे. बधिर माणसाची ऐकणाऱ्या जगाविरुद्धची तक्रार काय असते? आम्ही तुमचे ओठ वाचायला शिकलो, तुमची लिपी शिकलो, तुमच्या रीतीने वागायला शिकलो. तुम्ही आमची एक खूण शिकला नाहीत आणि वर आमच्या भाषेला भाषा म्हणायला तयार नाही. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. डब्लिनच्या म्हाताऱ्या बधिर बायका बधिर पुरुषांविरुद्ध शब्दशः हीच तक्रार करू शकल्या असत्या. एका ठिकाणी जो न्याय मागायचा तोच दुसऱ्या ठिकाणी ‘फूट’ कसा ठरतो? बाईचा प्रश्न बधिरांच्या चळवळीत बाहेरून आणावा लागत नाही. चळवळीचे मूळ तत्त्व घरात लागू केले की तो आपोआप समोर येतो.

या मांडणीला एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मार्च १९८८ मध्ये गॅलॉडेट विद्यापीठाच्या अध्यक्षपदी एलिझाबेथ झिन्सर या बाईंची निवड झाली. बाई ऐकणाऱ्या होत्या, आणि बधिर उमेदवार उपलब्ध असताना निवडल्या गेल्या. विद्यार्थ्यांनी आठवडाभरात विद्यापीठ बंद पाडले, झिन्सर पायउतार झाल्या आणि किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. मग ‘आधी बधिर’ हेच सिद्ध झाले ना? झाले, पण तेवढ्या प्रसंगापुरते. विद्यार्थ्यांची मागणी बरोबर होती. विद्यापीठ बधिरांचे तर प्रमुख बधिर हवा. आंदोलनाच्या चार प्रमुख विद्यार्थी नेत्यांत ब्रिजेटा बोर्न ही बधिर मुलगी होती, तिलाही तेच वाटत होते. पण ‘बधिर हवा’ यातून ‘पुरुष चालेल, बाईचे नंतर पाहू’ असे निघत नाही. बधिर बाई त्या खुर्चीवर प्रत्यक्ष बसली ती २०१६ मध्ये, रॉबर्टा कॉर्डानो. २००६ मध्ये जेन फर्नांडिस या बधिर बाईंची नेमणूक झाली होती, ती विरोधामुळे रद्द झाली. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी अनेक होत्या, सगळ्या पोकळ नव्हत्या, त्यामुळे तो दाखला मी माझ्या बाजूने ओढत नाही.

उरतो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घातक युक्तिवाद: झाकली मूठ सव्वा लाखाची. ऐकणारे आधीच आपल्याला कमी लेखतात, त्यात बधिर नवरा बायकोला मारतो हे चव्हाट्यावर कशाला? सिएटलमध्ये मेरिलिन स्मिथ या बधिर बाईने १९८६ मध्ये मार खाणाऱ्या बधिर स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्था काढली, ती याच युक्तिवादाच्या छातीवर पाय देऊन. लहान समाजात मारणारा आणि मार खाणारी एकाच मंडळात असतात. दुभाषी दोघांची ओळखीची. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्यांच्या हातांवर असते. ऐकणाऱ्या बायकांच्या आधारगृहात गेली तर तिथे तिच्याशी बोलणारे कोणी नाही, आणि आपल्या माणसांत गेली तर गुपित राहत नाही. या कोंडीत मूठ झाकून कोणाची पत राखली जाते?

आपल्याकडे २०१३ च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो, की बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडित स्त्री अपंग असेल तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या समोर नोंदवावी आणि त्या नोंदणीचे चित्रीकरण करावे. फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता आली तरी ही तरतूद टिकून आहे. पण तो दुभाषी कोण, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. आरोपीचा वर्गमित्र? त्याला शिकवलेले गुरुजी? मंडळाच्या सेक्रेटरींची बहीण? व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या जिल्ह्यातली प्रशिक्षित दुभाषी बाई मिळू शकते, आणि अशा बायकांची यादी पोलिसांपेक्षा बधिरांची मंडळेच चांगली करू शकतील. मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. फक्त तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या कलमात ढकलू नये. त्या कलमापर्यंत सभा पोचते तेव्हा चहा झालेला असतो आणि बायका भांडी गोळा करत असतात.