गाडी विकली, पण आरसीवर नाव कुणाचं?

10 नोव्हेंबर 2025 रोजी संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका कारमध्ये स्फोट झाला. पोलिसांनी सुरुवातीलाच कारचा नंबर काढून ती कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं. नाव निघालं हरियाणातल्या गुरुग्रामच्या एका माणसाचं. त्यानं ती गाडी आधीच विकून टाकली होती आणि नंतर ती आणखी काही हातांतून फिरली होती. पण रेकॉर्डवर मालक तोच. पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात गेले, त्याला ताब्यात घेतलं आणि त्याचं नाव देशभरातल्या चॅनेलवर झळकलं. गाडी विकल्याचं पुढे समोर आलं, पण तोवर त्या घरावर काय गुजरली असेल याचा विचार करा.

ही बातमी आम्ही पुन्हा काढतोय ती त्या स्फोटाच्या तपासावर बोलण्यासाठी नाही. आपल्या मोहल्ल्यांत रोज होणारा एक साधा व्यवहार किती कच्चा असतो, ते यातून दिसतं म्हणून. गॅरेज, स्पेअर पार्ट, रिक्षा-टेम्पो, जुन्या गाड्यांची दलाली या धंद्यांत आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. कुर्ला असो, भिवंडी असो की मालेगाव, जुनी बाईक घेणं-देणं बहुतेक वेळा ओळखीवर चालतं. विकणारा टीटी फॉर्मवर, म्हणजे 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या करतो, आरसी देतो, पैसे मोजून घेतो आणि सलाम करून निघतो. घेणाऱ्याचं नाव त्या फॉर्मवर लिहिलेलंच नसतं. ‘नावावर करून घेतो’ असं घेणारा म्हणतो. चार महिन्यांनी तीच गाडी त्याच कोऱ्या फॉर्मसकट तिसऱ्याला जाते. दलालाला तेच सोयीचं असतं, कारण मधल्या प्रत्येक हाताचा ट्रान्सफरचा खर्च वाचतो.

आता कायदा पाहू. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 50 सांगतं की गाडी विकल्यावर विकणाऱ्यानं 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. राज्याबाहेर विकली असेल तर 45 दिवस. घेणाऱ्यानं 30 दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे जबाबदारी दोघांचीही आहे. ‘माझं काम संपलं, आता त्यानं बघावं’ हे विकणाऱ्याला म्हणता येत नाही. आणि याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं करारपत्र तुमच्याकडे असेल, ते पुरावा म्हणून जरूर उपयोगी पडेल. पण आरटीओच्या रेकॉर्डवरचं नाव त्यानं बदलत नाही.

याबाबत सुप्रीम कोर्टाचा 6 फेब्रुवारी 2018 चा निकाल (नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार) प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवा. मूळ मालकानं 2007 मध्ये कार विकली. ती पुढे एकामागून एक विकली गेली, कुणीच नावावर केली नाही. 2009 मध्ये त्या कारनं अपघात झाला आणि एक मूल दगावलं. नुकसानभरपाई कुणी द्यायची? गाडी विकून दोन वर्षं झालेल्या पहिल्या माणसानं, असं कोर्टानं ठरवलं. कारण रेकॉर्डवर मालक तोच होता. अपघातात ज्याचं माणूस गेलं, त्यानं गाडी कुणी कुणाला विकली ते शोधत फिरायचं का, असा कोर्टाचा रोख होता. आम्हाला हा निकाल कडक वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. जखमीच्या बाजूनं पाहिलं तर दुसरा मार्ग नाही.

इन्शुरन्सचंही तसंच. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कलम 157 प्रमाणे नव्या मालकाकडे गेल्याचं धरलं जातं, आणि त्यानं 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम? विमा आपल्या नावावर नसेल तर तिथं कंपनी हात वर करते. आणि विमाच संपलेला असेल, जो जुन्या बाईकचा बऱ्याचदा संपलेलाच असतो, तर लाखोंची भरपाई थेट खिशातून.

मग लोक ट्रान्सफर का करत नाहीत? फी जास्त आहे म्हणून नाही. केंद्राच्या नियमांत ट्रान्सफरची मूळ फी दुचाकीला 150 आणि खासगी कारला 300 रुपये आहे, कार्ड आणि पोस्टाचे पैसे वेगळे. एजंट दीड-दोन हजार सांगतो ते त्याचं. खरी अडचण असते ती जुन्या चलानांची, न फेडलेल्या लोनची आणि ओटीपीची. लोन फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा 35 नंबरचा फॉर्म देऊन उतरवावा लागतो, आणि हे कित्येकांच्या ध्यानातच नसतं.

गेल्या वर्षी महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेट सक्तीची झाली, मुदतीवर मुदत वाढत गेली, तेव्हा ही सगळी झाकलेली प्रकरणं वर आली. दहा वर्षं चालवत असलेली स्कूटर मुळात भलत्याच माणसाच्या नावावर, त्याचा पत्ता बदललेला, मोबाईल बंद. काहींचा मूळ मालक कुवेत-दुबईला, काहींचा अल्लाहला प्यारा झालेला.

दलालांसाठीही नियम बदललेत. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यायचा आहे, आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन सूचना दिली की ती विकली जाईपर्यंत मालक तोच मानला जातो. विकणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. पण परवाना घेतलेले दुकानदार किती, हा प्रश्न आपल्या धंदेवाईक भावांनीच स्वतःला विचारावा. आमचं मत स्पष्ट आहे: ज्या डीलरकडे परवाना नाही, त्याला कोऱ्या सहीचा फॉर्म देऊ नये, मग तो मामूचा पोरगा का असेना. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे कुरआननं सूरह बकराच्या 282 व्या आयतीत, सगळ्यात लांब आयतीत, इतक्या तपशिलानं सांगितलंय. आपण मात्र लिहायला सांगितलं की समोरच्याला वाटतं, याला माझ्यावर भरवसा नाही.

वडिलांच्या गाडीचं वेगळं. मरहूम अब्बांच्या नावाची बाईक मुलगा वर्षानुवर्षं चालवतो. नियम असा की मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांपर्यंत गाडी तशी वापरता येते आणि त्या मुदतीत 31 नंबरच्या फॉर्मवर नावावर करायची. बाकी वारसांची संमती लागते. 2021 पासून आरसीवर नॉमिनी टाकता येतो, त्यानं काम हलकं होतं. मात्र नॉमिनी म्हणजे विरासतीची वाटणी नव्हे. बहिणींचा हिस्सा ठरवायचा तो घरात बसून, आरटीओत नाही.

दिल्ली-हरियाणाची स्वस्त गाडी घेणाऱ्यांनी एवढंच बघावं: 28 नंबरची एनओसी आहे का, आणि इथला टॅक्स धरून ती खरंच स्वस्त पडते का. गाडी चोरीची तर नाही ना, हे एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर तपासता येतं.

आणि ज्यांनी आधीच विकून टाकलीय, घेणारा फोन उचलत नाही, त्यांनी? एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदीची स्थिती बघा, चलानं आली आहेत का तेही बघा. मग डिलिव्हरी नोट, पैसे मिळाल्याची नोंद, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, जे असेल ते जोडून आरटीओला लेखी कळवा की अमुक तारखेला गाडी अमुक माणसाला दिली. एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. काहीच कागद नसला तरी अर्ज द्या, तारीख तरी लागते. दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दाखवून ठेवा.